इंग्रजी अव्ययसहित क्रियापदे आणि मराठीचे दुसरे क्रियापद : मालवण किनाऱ्याच्या अनुषंगाने

इंग्रजीतील 'गिव्ह', 'पुट', 'टेक' यांसारखी साधी क्रियापदे 'अप', 'ऑफ', 'आउट' अशा लहानशा अव्ययांशी जोडली गेली म्हणजे त्यांचा अर्थ पालटतो, आणि तो दोन घटकांच्या बेरजेने हाती लागत नाही. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. परंतु 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. परकीयांना इंग्रजी शिकताना मोठी अडचण होते ती याच रचनेची, हे सॅम्युअल जॉन्सनने आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले होते. तिचे 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव हेन्री ब्रॅडलीने सुचविले व लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ च्या ग्रंथातून ते पुढे आले. प्रस्तुत टिपणात तिला 'अव्ययसहित क्रियापद' म्हटले आहे. मराठी भाषिकांनी या रचनेशी व्यवहार कसा केला, हा येथील प्रश्न होय.

मालवणच्या किनाऱ्याला इंग्रज प्रथम भेटला तो समुद्रावर. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्यास 'फोर्ट ऑगस्टस' हे नाव दिले. पुढे तो करवीरकरांना परत केला. आणि १८१२ च्या तहाने मालवण त्यांच्याकडे आले. इंग्रजी जहाजांवर काम करणाऱ्या खलाशांची एक मिश्र बोली होती. टॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यास प्रसिद्ध केलेला इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश मुख्यतः तिच्याच गरजेतून निर्माण झाला. या बोलीत ओझे वा शीड खाली सोडण्याचा हुकूम 'आर्या' असा आहे. तो पोर्तुगीज 'आर्रियार' या क्रियापदापासून आला. इंग्रज अधिकारी हाच हुकूम क्रियापदाला अव्यय जोडून देई. खलाशी त्या अव्ययाचे भाषांतर करीत बसला नाही. संपूर्ण क्रियेस त्याने एक शब्द योजला.

दुसरा टप्पा मुद्रणाचा. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. १८४० पर्यंत चाललेल्या या पत्राची मांडणी अभ्यासकांना परिचित आहेच : एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. अशा मांडणीत भाषांतरकाराला पळवाट नसते. एका स्तंभातील क्रिया दुसऱ्या स्तंभात त्याच जोराने उभी राहिली पाहिजे, आणि दोन्ही भाषा जाणणारा वाचक ती लगेच ताडून पाहू शकतो. इंग्रजी अव्ययास मराठीत प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न अशा पत्राच्या लेखनात पदोपदी उभा राहणे अपरिहार्य होते.

नित्याच्या वाक्यांत त्याचे उत्तर काय मिळते ते पाहू. 'ही गेव्ह अप टोबॅको' याचे सहज मराठी 'त्याने तंबाखू सोडून दिली'. 'ईट इट अप' म्हणजे 'खाऊन टाक'. 'द लॅम्प वेंट आउट' म्हणजे 'दिवा विझून गेला'. दिवा काही बाहेर गेला नाही. इंग्रजीत 'अप' अथवा 'आउट' जे काम करते ते मराठीत 'देणे', 'टाकणे', 'जाणे' ही दुसरी क्रियापदे करतात. येथे 'देणे' म्हणजे काही हातात ठेवणे नव्हे व 'टाकणे' म्हणजे फेकणे नव्हे. मूळ अर्थ विरून क्रियेच्या पूर्णतेचा भाव तेवढा उरतो. इंग्रजी अव्ययाचीही गत तीच झाली आहे.

रचनेतही साम्य आहे. इंग्रजीत कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येते : 'पुट इट डाउन' म्हणतात, 'पुट डाउन इट' म्हणत नाहीत. मराठीत कर्म मध्ये शिरत नाही. परंतु 'खाऊनच टाकले', 'सोडूनही दिले' असे अव्यय शिरू शकते. दोन्ही भाषांतील जोड अर्थाने पक्का आहे, पण रूपाने सुटा राहिला आहे.

तथापि साम्य येथेच थांबते. 'राइट इट डाउन' या एका इंग्रजी वाक्याला मराठीत 'लिहून घे', 'लिहून दे', 'लिहून ठेव', 'लिहून काढ' असे चार पर्याय आहेत. लिहिणे स्वतःसाठी, दुसऱ्यासाठी, पुढील उपयोगासाठी की काम संपविण्यासाठी, हे मराठीस सांगावे लागते. इंग्रजीचे 'डाउन' त्याविषयी मौन पाळते. दुसरा भेद नकाराचा. 'त्याने तंबाखू सोडून दिली' याचा नकार सामान्यतः 'त्याने तंबाखू सोडली नाही' असा होतो. दुसरे क्रियापद गळून पडते. इंग्रजीचे 'अप' मात्र नकारातही टिकते. म्हणून शब्दास शब्द लावणाऱ्या विद्यार्थ्याचे होकारार्थी वाक्य साधते आणि नकारार्थी वाक्यात 'अप' हरवते.

व्याकरणकारांनी यांपैकी एकाच बाजूचा विचार केला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त संयुक्त क्रियापदांची विस्तृत चर्चा केली. परंतु हा विचार मराठी व्याकरणाच्या तासाला राहिला, आणि अव्ययसहित क्रियापदे इंग्रजीच्या तासाला पाठ करावयाच्या याद्यांत गेली. दोन्ही तास एकाच वर्गात होत असूनही त्यांची भेट झाली नाही.

याची झळ मालवणी बोलणाऱ्या मुलाला अधिक लागते. त्याची बोली प्रमाण मराठीच्या आड येते आणि मराठी इंग्रजीच्या आड येते, असा समज शाळांतून आजही आढळतो. वस्तुतः 'देवन टाक', 'खावन टाक', 'घेवन ठेव' या मालवणी प्रयोगांत हीच यंत्रणा पूर्णत्वाने नांदते. 'अप' म्हणजे 'वर' असे सांगण्याऐवजी 'खावन टाक' मधील 'टाक' काय करतो, एवढे विचारले तरी त्याला अर्धी वाट घरातच सापडते.

आजचा व्यवहार याला पुष्टी देतो. पर्यटनामुळे या किनाऱ्यावर 'चेकआउट', 'पिकअप', 'बुकिंग' हे शब्द घरोघर पोचले आहेत. संगणकामुळे 'लॉगइन', 'बॅकअप' आले. मराठीने यांतील 'आउट' वा 'अप' यांची फोड केली नाही. इंग्रजीचा जोड तिने अखंड नामासारखा उचलला, त्याला 'करणे' अथवा 'घेणे' लावले, आणि शेवटी आपले दुसरे क्रियापद जोडले : 'चेकआउट करून टाका', 'बॅकअप घेऊन ठेव'. 'आर्या' म्हणणाऱ्या खलाशाने संपूर्ण क्रिया एक मानली होती. येथेही तेच घडले आहे. बाळशास्त्र्यांच्या जिल्ह्यात बोलली जाणारी अशी वाक्ये मालवणी, प्रमाण मराठी व इंग्रजी अशा तीन स्तंभांत शेजारी शेजारी मांडून जमविणे, हे काम आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हाती घ्यावे. शाळेतील याद्यांपेक्षा अशा संग्रहातून शिक्षकास अधिक उपयोगी साहित्य मिळेल.