मुलांची खोली लहान आहे? आधी जमीन मोकळी करा, कपाटाचा विचार नंतर

'किड्स रूम' असं इंटरनेटवर शोधलं की रंगीत भिंती, बंक बेड आणि एका मुलासाठी एक अख्खी खोली दिसते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या अनेक घरांत चित्र वेगळं असतं. तिथे मुलांची खोली म्हणजे संध्याकाळी अभ्यासाची, रात्री झोपायची आणि लग्नसराईत पाहुण्यांची, अशी एकच खोली. दप्तरं, गणवेश, खेळणी, गोधड्या आणि कधीकधी धान्याची पोतीही त्यातच.

अशा खोलीत जागा कशी काढायची? आणि इथल्या घरांत हा प्रश्न फक्त टापटिपीचा का नाही? समजून घेऊया.

जागा नेमकी किती असते?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवलेलं आहे. म्हणजे स्वयंपाकाची जागा धरून साधारण २७० चौरस फूट. एवढ्या घरात मुलांच्या वाट्याला खोली नाही, कोपरा येतो.

हा कोपरा ८ बाय ६ फुटांचा आहे असं समजू. एकूण ४८ चौरस फूट. त्यात ६ बाय ३ ची खाट १८ चौरस फूट घेते. ३ फूट रुंद आणि दीड फूट खोल कपाट साडेचार, आणि ३ बाय २ चं टेबल ६. उरले जेमतेम २० चौरस फूट. त्यातच कपाटाचं दार उघडायचं, खुर्ची सरकवायची आणि दोन मुलांनी वावरायचं.

आता त्याच कोपऱ्याच्या दोन भिंती मोजा. एक ८ फुटांची, एक ६ फुटांची. ८ फूट उंचीपर्यंत दोन्ही मिळून ११२ चौरस फूट होतात. दारं-खिडक्या वजा केल्या तरी जमिनीपेक्षा भिंत जास्तच उरते. जागा वाचवण्याचं सगळं गणित इथे आहे.

जुन्या घरांना हे माहीत होतं. जाड भिंतीतले कोनाडे, फडताळ, खुंट्या, कपड्यांची वलणी, आढ्याला टांगलेलं शिंकं आणि वर माळा. विटांच्या पातळ भिंती आल्या, कोनाडे गेले आणि सामान जमिनीवर उतरलं.

जमीन मोकळी असणं एवढं महत्त्वाचं का?

पहिलं कारण साधं आहे. जिथे अंथरूण पडतं, तिथेच अभ्यास होतो. सामान हलवल्याशिवाय बसता येत नसेल, तर मूल रोज अभ्यासाआधी आवराआवर करतं किंवा दोन्ही टाळतं.

दुसरं कारण बिबट्या. जुन्नर, आंबेगावच्या बागायती पट्ट्यात उसामुळे बिबट्याला लपायला जागा मिळते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. अंधार पडायच्या आत मुलांना घरात घेतलं जातं, त्यामुळे संध्याकाळचं खेळणंही याच चार भिंतींत होतं.

तिसरं कारण साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना तिचा दंश होण्याचं प्रमाण जास्त असतं. दंश अनेकदा दुखत नाही, खूण नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास अशी लक्षणं दिसतात. कोपऱ्यातली पोती उंदरांना बोलावतात, उंदरांमागे साप येतो. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षं सर्पदंशावर उपचार आणि जनजागृती करत आहेत. केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणं हे त्याचं उद्दिष्ट आहे.

म्हणून मुलं झोपतात त्या खोलीसाठी तीन नियम:

- धान्य, पेंड, कांदे, सरपण या खोलीत ठेवू नका.
- शक्य असेल तर मुलांना खाटेवर झोपवा. खाली झोपायचं असेल तर अंथरूण भिंतीपासून आणि सामानापासून दूर घाला. दोन्ही वेळी मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या.
- खाटेखाली किंवा पेटीमागे अंधारात हात घालू नका. आधी बॅटरी मारा.

दंशाची शंका आली तरी वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

आधी सामान कमी, मग फर्निचर

नवीन कपाट घेण्याआधी सगळं सामान एकदा बाहेर काढा आणि चार ढीग करा: रोज लागणारं, आठवड्यातून लागणारं, वर्षातून एकदा लागणारं आणि न लागणारं. लहान झालेले कपडे, मागच्या इयत्तेची पुस्तकं, तुटलेली खेळणी चौथ्या ढिगात जातात. चांगल्या स्थितीतली पुस्तकं आणि गणवेश वाडीतल्या धाकट्या मुलांना लगेच द्या. 'पुढे बघू' म्हणून बांधलेलं गाठोडं पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच राहतं.

पुस्तकांचं गणितही बदललं आहे. २०२३-२४ पासून बालभारतीची दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आणि कोऱ्या पानांसह आली होती. ही पद्धत २०२५-२६ पासून बंद झाली. आता पुन्हा पुस्तक वेगळं, वही वेगळी. त्यामुळे फळीवर विषयवार जोड्या लावा: मराठीचं पुस्तक आणि वही शेजारी, मग गणित, मग बाकीचे. पुस्तकं आडवी रचू नका, उभी लावा. खालचं काढताना वरची चळत कोसळत नाही.

भिंत कशी वापरायची?

उंचीनुसार तीन पट्टे करा.

- जमिनीपासून साधारण ४ फुटांपर्यंत: हा मुलांचा पट्टा. दप्तराची खुंटी, गणवेशाचं हँगर, पुस्तकांची फळी, खेळण्यांची टोपली. मुलाच्या हाताला जे लागत नाही ते मूल जागेवर ठेवत नाही.
- ४ ते ६ फूट: मोठ्यांनी काढून द्यायच्या वस्तू. कात्री, औषधं, रंगांचे डबे. औषधं बंद डब्यातच ठेवा.
- ६ फुटांच्या वर: वर्षातून एकदा लागणारं सामान. स्वेटर, जास्तीची अंथरुणं. मात्र खाटेच्या बरोबर वर जड वस्तू नको.

पुस्तकांसाठी १० इंच खोल फळी पुरते. अभ्यासासाठी भिंतीला बिजागरीने बसवलेली घडीची फळी चांगली. वापर झाला की ती खाली सोडायची, अंथरुणाला जागा मोकळी.

विटांच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी घाला आणि मग स्क्रू आवळा. नुसता खिळा पुस्तकांचं वजन फार दिवस पेलत नाही. मातीची किंवा कुडाची भिंत असेल तर तिच्यावर भार नको. जमिनीवर उभा राहणारा घोडा घ्या आणि तो लाकडी खांबाला बांधा.

दिवाण, पेटी आणि पोटमाळा

आत जागा असलेला दिवाण एकाच जागेत झोप आणि साठवण देतो, पण महिन्यातून एकदा तो पूर्ण रिकामा करून झाडा. साध्या खाटेखाली खोकी ठेवत असाल तर झाकणाची आणि चाकांची घ्या. आठवड्यातून एकदा सगळी बाहेर ओढता आली पाहिजेत.

पत्र्याची पेटी उंदरांपासून कपडे वाचवते. पण मोठ्या पेटीत मुलं लपतात. झाकण पडून कडी लागली तर आतून उघडत नाही आणि मूल गुदमरू शकतं. अशा पेटीला कायम कुलूप ठेवा किंवा तिची कडी काढून टाका.

पावसाळ्यात काय बदलायचं?

पश्चिमेकडे, भीमाशंकर-आहुपे किंवा नाणेघाटाच्या बाजूला, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. फळी आणि भिंत यांत बोटभर फट ठेवा. पुस्तकं सर्वांत खालच्या फळीवर नकोत. कपडे पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत टाकू नका, कुबट वास तिथूनच सुरू होतो.

कसर लागू नये म्हणून डांबर गोळ्या टाकतात. लहान मुलांच्या कपड्यांत त्या टाळा. त्या गोळीसारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर विषारी ठरतात. वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि अधूनमधून कडक ऊन हा सुरक्षित पर्याय आहे.

कपाट भिंतीला बांधा

मुलं खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट पुढे येतं. २०१६ मध्ये आयकिया कंपनीने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत मागवली होती. भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून मुलांचे मृत्यू झाले होते. आपल्याकडचं लोखंडी कपाटही तितकंच जड आहे. वरच्या बाजूला लोखंडी पट्टी आणि दोन स्क्रू लावून ते भिंतीला पक्कं करा. जड सामान खालच्या कप्प्यात, हलकं वर. टीव्ही कपाटावर ठेवू नका.

पसारा पुन्हा होऊ नये म्हणून

वाचता न येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र चिकटवा. भावंडांना वेगळ्या रंगाच्या टोपल्या द्या, म्हणजे 'हे माझं नाही' हा वाद संपतो. एक नवीन वस्तू आली की एक जुनी बाहेर. आणि रोज अंथरूण घालण्याआधी पाच मिनिटं जमीन मोकळी करण्याचं काम मुलांकडेच द्या.

सुरुवातीला सुताराला बोलवायची गरज नाही. या रविवारी पोती दुसरीकडे हलवा, मुलाच्या उंचीला दोन खुंट्या ठोका आणि कपाट भिंतीला बांधा. बाकीच्या फळ्या हळूहळू बसवता येतील.