नावावरून न सापडणारी चाल

१९८० च्या दशकात ख्रिस वॉलशॉ हा इंग्लंडमधला वादक लोकसंगीताच्या चाली इंग्रजी मुळाक्षरांत टिपून ठेवू लागला. पाच रेषांवरचं रूढ स्वरलेखन त्याला तेव्हा अजून येत नव्हतं. पुढे फ्रेंच बॅगपाइपच्या चाली संगणकावरून छापायच्या, तर म्युझिकटेक या प्रणालीच्या लांबलचक आज्ञा हाताने लिहाव्या लागत. त्या कंटाळ्यातून त्याने आपल्या जुन्या अक्षरांवरूनच आज्ञा तयार करून देणारा प्रोग्रॅम रचला. १९९३ पर्यंत त्यातून एबीसी स्वरलिपी आकाराला आली.

भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं हाताळलेल्या मराठी वाचकाला तिची ओळख चटकन पटेल. खालच्या सप्तकाला मोठी अक्षरं, वरच्याला लहान. अक्षरापुढचा आकडा म्हणजे स्वराची लांबी, आणि उभी रेघ म्हणजे तालाचा विभाग. चालीच्या डोक्यावर क्रमांक, नाव, ताल आणि शेवटी आधारस्वर. कोरी ओळ आली की चाल संपली. खास फाँट लागत नाही, त्यामुळे एकाच साध्या फाइलीत हजारो चाली मावतात.

पण शोधायच्या कशा?

लोकचालीला एक नाव कधीच पुरत नाही. स्कॉटलंडमधली ‘मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे’ आयर्लंडमध्ये ‘मिस मॅक्लाउड्स रील’ होते आणि अमेरिकेत ‘हॉप हाय लेडीज’. उलट, एकाच नावाखाली तीन निराळ्या चालीही निघतात. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ'नील यांच्या १९०३ च्या संग्रहात १,८५० चाली आहेत. त्यांना स्वतःला स्वरलेखन येत नसे. ते चाल ऐकवत आणि त्यांचे सहकारी जेम्स ओ'नील ती उतरवून घेत. एवढ्या मोठ्या ग्रंथात निव्वळ नावाच्या भरवशावर चाल हुडकणं म्हणजे नशिबाची परीक्षा.

या पेचातून खरी वाट काढली ती डब्लिनच्या ब्रेंडन ब्रान्नाख यांनी. स्वतः बॅगपाइप वाजवणारे ब्रान्नाख हजारो चालींची कार्डं बाळगून होते. चालीच्या सुरुवातीच्या ठळक स्वरांना सप्तकातल्या स्थानानुसार आकडे द्यायचे आणि कार्डं त्या आकड्यांच्या क्रमाने लावायची, अशी त्यांची रीत. नाव कुठलंही असो, जुळी भावंडं आपोआप शेजारी येत. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये तर स्वरही बाजूला ठेवले. पुढचा स्वर चढला, उतरला की तोच राहिला, एवढ्यावरच त्यांनी सूची बांधली. मूळ पट्टी ठाऊक नसलेल्या माणसालाही ती वापरता येते, हे तिचं मोठेपण.

अक्षरांत लिहिलेल्या चालींवर अशी तुलना संगणक क्षणात करतो. धोका मात्र त्यापुढे आहे. दोन चाली जुळल्या की एक ‘शुद्ध’ ठरवून दुसरी पुसायचा मोह होतो, आणि लोकसंगीताच्या संग्रहात याहून मोठं नुकसान नाही, कारण गावागणिक पडलेला फरक हीच त्यातली खरी माहिती. ‘द सेशन’ या आयरिश चालींच्या संग्रहाने म्हणूनच योग्य मार्ग धरला आहे: तिथे एका चालीखाली तिची सगळी पर्यायी नावं नोंदवतात आणि निरनिराळ्या वादकांनी लिहून दिलेले पाठ एकाखाली एक, वेगवेगळे ठेवतात.