गिरणीचे श्रम आणि गिरणीची जमीन

श्रम आणि मोबदला यांच्यातील नाते शिथिल होत असल्याची चर्चा बहुधा अलीकडच्या वित्तीय व्यवहारांच्या संदर्भात केली जाते. प्रस्तुत लेखात हे नाते मुंबईच्या गिरणगावात कसे तुटले, याचा विचार केला आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढे कोकणातून व देशावरून आलेल्या कामगारांच्या श्रमाचे मोजमाप कमालीच्या काटेकोरपणे झाले. साचेवाल्याची मजुरी विणलेल्या कापडावर ठरे, सदोष कापडाबद्दल दंड होई. बदली कामगाराला तर रोज फाटकाशी उभे राहूनही कामाची शाश्वती नसे. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु अधिक कापड म्हणजे अधिक मजुरी, एवढा हिशेब कामगाराला कळत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढीबरोबरच, १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिलेल्या वाटाघाटीच्या अधिकारालाही त्यांचा विरोध होता. संप फसला. अभ्यासकांचे लक्ष बहुधा येथेच थांबते. वस्तुतः निर्णायक घडामोड त्यानंतरची आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार पुनर्विकासास काढलेल्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हावयाचे होते : महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, म्हाडास घरांसाठी आणि उरलेला मालकास. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. (गिरणीच्या आवारात अशी जमीन ती किती असणार!) उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या अन्वयार्थास नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो मान्य केला. दरम्यान २००५ मध्येच लोअर परळमधील एका सरकारी गिरणीची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांस विकली गेली. हे मूल्य कोणत्याही साच्यावर विणलेले नव्हते. ते शहराच्या वाढीतून उपजले होते, आणि त्यावरील हक्क श्रमाने नव्हे, मालमत्तेच्या नोंदीने ठरला.

कामगारांच्या वाट्याला घरे आली, तीही मोजकी. म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्ज लाखाहून अधिक होते. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे अर्जदारास कागदोपत्री सिद्ध करावे लागले. त्यापुढील निवड संगणकाने, चिठ्ठीच्या न्यायाने केली.