बालेवाडीचे क्रीडासंकुल आणि आपले फक्कीचे मैदान



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा सगळ्यांना वाटले असेल, ही संगणकावर काहीतरी लिहिणार. पण मी लिहिणार आहे एका मैदानावर. गेली कित्येक वर्षे मी पुण्यात बालेवाडीजवळ राहते. ऑफिसला जाता-येता श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल दिसते आणि दर वेळी आपले शाळेचे मैदान आठवते.

हे संकुल उभे राहिले ते जानेवारी १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. आपण तेव्हा नववीत होतो. म्हाळुंगे-बालेवाडी ही त्या वेळी पुण्याबाहेरची शेतीची गावे होती. मुंबईचे वानखेडे स्टेडियम उभारणारे वास्तुविशारद शशी प्रभू यांनीच बालेवाडीचाही आराखडा केला. एकाच आवारात धावण्याचा ट्रॅक, पोहण्याचा तलाव, बॅडमिंटन, कुस्ती, मुष्टियुद्ध आणि वेटलिफ्टिंगची दालने, टेनिस कोर्ट, नेमबाजीची रेंज, सायकलींचा वेलोड्रोम आणि खेळाडूंची निवासव्यवस्था अशी ही रचना आहे. एका खेळाचे मैदान न बांधता खेळांचे गाव वसवायचे, असा त्यामागचा विचार होता. त्या वर्षी पदकतक्त्यात महाराष्ट्रच पहिला आला.

मोठी स्पर्धा संपली की स्टेडियम ओस पडते, हा जगभरचा अनुभव. बालेवाडीला मात्र पुन्हा पुन्हा काम मिळत गेले. ऑक्टोबर २००८मध्ये येथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. ७१ देशांचे खेळाडू आले, सायना नेहवालने बॅडमिंटनचे सुवर्ण जिंकले. त्या स्पर्धेचे शुभंकर होते 'जिगर' नावाचे वाघाचे पिल्लू. ताडोबाच्या जिल्ह्यातल्या बाईला ते बघून किती बरे वाटले, सांगायला नको! जुलै २०१३मध्ये आशियाई मैदानी स्पर्धा झाली. ती आधी चेन्नईत ठरली होती. तिथे विकास गौडाने थाळीफेकीत आणि आपल्या मुलींनी ४ x ४०० मीटर रिलेत सुवर्ण मिळवले. २०१४पासून काही वर्षे इंडियन सुपर लीगचे फुटबॉल सामने याच स्टेडियमवर होत. २०१८मध्ये एटीपीची टेनिस स्पर्धाही चेन्नईहून येथे आली.

आता या लेखाचे खरे कारण सांगते.

ट्रॅकवर उभे राहिल्यावर मला इंजिनिअरिंगची सवय स्वस्थ बसू देईना. प्रमाणित ट्रॅकच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटरच्या असतात आणि वळणाची आतली त्रिज्या ३६.५० मीटर. अंतर मोजतात ते आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून, म्हणजे ३६.८० मीटर त्रिज्येने. दोन अर्धवर्तुळे मिळून २३१.२२ मीटर, सरळ बाजू १६८.७८ मीटर, बेरीज बरोबर ४००. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद. बाहेरच्या लेनचे वळण मोठे, म्हणून दुसऱ्या लेनची सुरुवात ७.०४ मीटर पुढे असते आणि त्यापुढची प्रत्येक लेन आणखी ७.६७ मीटर पुढे. टीव्हीवर धावपटू तिरक्या रांगेत उभे दिसतात ते यासाठी.

यात एक गंमत आहे. हा फरक मैदानाच्या आकारावर अवलंबून नसतो. फेरी २०० मीटरची असो की ४०० मीटरची, एका पूर्ण फेरीला लेनच्या रुंदीच्या ६.२८ पट अंतर वाढते. बस्स, एवढेच गणित.

आठवते का, दहावीच्या वर्षीची ती तालुक्याची स्पर्धा? फक्कीने आखलेला २०० मीटरचा गोल, मीटरभर रुंदीच्या लेन, आणि सगळ्या मुली एकाच रेषेवर उभ्या. गडचिरोलीकडून वसतिगृहात आलेली आपली मैत्रीण चौथ्या लेनमध्ये होती. अनवाणी धावली आणि हातभर अंतराने दुसरी आली. पुढे फक्त पहिलीला पाठवले. ती रडली नाही. "माझेच पाय कमी पडले," म्हणाली. त्या वर्षानंतर ती धावली नाही.

तीन लेनचा फरक गुणिले ६.२८. ती जवळजवळ १९ मीटर जास्त धावली होती. मैत्रिणी, तुझे पाय कमी पडले नव्हते. आखणी चुकली होती. दहावीत वर्तुळाचा परीघ आपण सगळ्यांनीच पाठ केला होता, पण मैदानावर कोणालाच तो आठवला नाही. मलाही नाही. हे सांगायला मला तीस वर्षे लागली.

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा जिल्हा झाला, तरी रेल्वे म्हणजे कित्येक वर्षे फक्त वडसा. तिथल्या मुलीसाठी बालेवाडी दुसऱ्या देशात असल्यासारखीच होती. आता चित्र बदलते आहे. बल्लारपूरजवळ विसापूरला क्रीडासंकुल झाले, सिंथेटिक ट्रॅक आला आणि डिसेंबर २०२३मध्ये देशभरातली शाळकरी मुले राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धेसाठी तेथे धावली. त्याआधी मे २०१८मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. दम आपल्या मुलांत पहिल्यापासूनच होता. सरळ आखलेली रेघ मात्र उशिरा मिळाली.

मोठे संकुल गावोगाव होणार नाही. पण फक्की, दोरी आणि मोजपट्टी प्रत्येक शाळेत असू शकते. म्हणून मेळाव्याच्या दिवशी सकाळी सातला मैदानावर या. पीटीच्या सरांच्या देखरेखीखाली आपण ट्रॅक नीट आखू, प्रत्येक लेनची सुरुवात मोजून. आताच्या मुली त्यावर धावतील. आणि चौथ्या लेनवाल्या मैत्रिणी, सुरुवातीची शिट्टी तू वाजवायची आहेस. मोजपट्टी मी आणते.