वच्छोम नगरीची मुलगी

राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ नाटकात पहिल्याच अंकात भैरवानंद नावाचा तांत्रिक राजासमोर येतो. स्वारी नशेत, आणि फुशारकी अशी की चंद्रसुद्धा खाली उतरवून दाखवीन. काहीतरी नवल दाखव म्हटल्यावर विदूषक सुचवतो, की दक्षिणापथात वच्छोम नावाचं नगर आहे, तिथे मी एक सुंदर मुलगी पाहिली, तिला आण. भैरवानंद ध्यान लावतो आणि मुलगी हजर. आंघोळ करता करता उचललेली, केसांतून पाणी गळतंय.

वच्छोम म्हणजे वत्सगुल्म. म्हणजे आपलं वाशीम.

जिल्हा म्हणून वाशीम साधारण माझ्याच वयाचं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळं झालं. त्यामुळे बाहेर नाव सांगितलं की ‘हे कुठे आलं?’ हा प्रश्न ठरलेला. पण इ.स. ९०० च्या सुमारास, कनौजच्या दरबारातला नाटककार नायिकेचं गाव म्हणून हे नाव घेतो, आणि ते कुठे आलं हे प्रेक्षकांना समजावून सांगत बसत नाही. तोवर इथल्या वाकाटकांचं राज्य बुडून चारशे वर्षं झाली होती. नाव टिकलं ते साहित्यामुळे. या शाखेचा संस्थापक सर्वसेन राजा होता आणि कवीही. त्याचं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज हरवलंय, फक्त नंतरच्या काव्यशास्त्रकारांच्या उल्लेखांतून कळतं. इथल्या लेखनशैलीलाच ‘वच्छोमी’ म्हणत. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्नच वत्सगुल्मात लावून दिलंय!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा येणारा सीझन. वाशीम-कारंजाकडची आम्ही दहा-बारा पोरं-पोरी, अर्धे पुण्यात नोकरीला, दिवाळीनंतर तीन प्रयोग करायचं ठरवतोय. दोन नाटकं पटकन ठरली. तिसरं संगीत हवं यावरही एकमत झालं. ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’ ही नावं आली. मी ‘कर्पूरमंजरी’ टाकलं आणि ग्रुपवर शांतता पसरली.

माझी बाजू सरळ आहे. ‘कर्पूरमंजरी’ हे सट्टक आहे. आजच्या भाषेत म्युझिकल म्हणायला हरकत नाही. झोपाळ्याचा प्रसंग आहे, चौथ्या अंकात चर्चरी नाच आहे. दक्षिणेकडच्या लोकांना नाच-गाणं-वाद्यं भरपूर असलेलं नाटक आवडतं, हे भरताने नाट्यशास्त्रातच नोंदवून ठेवलंय. झाडीपट्टीत ते अजून खरं आहे. तिथे दिवाळी ते होळी सीझन चालतो, गावोगावची मंडळं वडशाला जाऊन नाटक बुक करतात, आणि गाण्यांसकट ते रात्रभर चालतं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. आमच्या वऱ्हाडात असा सीझन नाही. सरकारी नाट्यस्पर्धेची तारीख लागली की नाटक, नाहीतर गणपतीत.

खरा वाद मात्र भाषेवरून झाला. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि बायका, नोकर प्राकृत. विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतच. सट्टकात तसं नाही. अख्खं नाटक प्राकृतात. राजा चंडपालसुद्धा दासीच्याच भाषेत प्रेम करतो, त्याच भाषेत रडतो. संस्कृत रचना कडक आणि प्राकृत मऊ, असं राजशेखर सुरुवातीलाच सांगून टाकतो. आणि पहिला प्रयोग झाला तो त्याच्या बायकोच्या, चाहमान घराण्यातल्या अवंतिसुंदरीच्या इच्छेने. ती स्वतः जाणकार होती. ‘काव्यमीमांसे’त तो तिची मतं नावानिशी देतो.

म्हणून मी म्हटलं, आपलं रूपांतर वऱ्हाडीत करू. विदूषक कपिंजल आणि दासी विचक्षणा यांचं कवितेवरून जे भांडण होतं, ते ‘काहून बे’नेच सुरू व्हायला पाहिजे. हे सगळ्यांना आवडलं. पण लगेच एकाने लिहिलं, “राजा मात्र शुद्ध बोलला पाहिजे, नाहीतर लोक हसतील.” इथेच मी अडलो. स्टेजवर आणि रील्समध्ये वऱ्हाडी ऐकू येते ती बहुतेक हशा काढायला. हिरो ‘मले’ म्हणत प्रेमात पडला की लोक हसतात, कारण त्यांना तशी सवयच लावलीय. अकराशे वर्षांपूर्वी एकाने राजाला दासीची भाषा दिली आणि आम्हाला ती आज द्यायची भीती वाटते? शेवटी मतदान झालं. सात विरुद्ध चार. राजा वऱ्हाडीत बोलणार.

कर्पूरमंजरी करणाऱ्या मैत्रिणीची तक्रार वेगळी आहे, आणि मला ती पटते. या मुलीला मंत्राने उचलून आणतात, राणी कोंडून ठेवते, शेवटी घनसारमंजरी या खोट्या नावाने राजाशी लग्न लावतात. (घनसार म्हणजेही कापूर, पण हे राणीच्या लक्षात येत नाही.) तिला कुणी काही विचारतच नाही. त्यामुळे पहिल्या अंकात ती ओल्या केसांनी येते तेव्हा तिला एक गाणं द्यायचंय: मी कुठली, माझं गाव कोणतं, मला परत कधी सोडणार. मूळ नाटकात ते नाही. ते मैत्रीणच लिहितेय.

आता उरला सुरुंग. राणीला संशय येतो तेव्हा ती देवळातून कोठडीत तपासायला धावते आणि मुलगी सुरुंगातून तिच्याआधी पोचते, मग पुन्हा उलटं. हे साधलं तर हॉल उसळेल. त्यासाठी मागच्या काळ्या पडद्यामागे निदान तीन फूट मोकळी वाट लागेल, आणि आम्ही बघितलेल्या हॉलमध्ये तिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्यात.