अतिजलद हृदयगती : आकड्याआधी रुग्णाकडे पाहणारी शुश्रूषा

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्तीच्या हृदयाचे मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. १०० च्या पुढील गतीला टॅकिकार्डिया म्हणतात. ताप, रक्तस्राव, वेदना किंवा भीती यांमुळेही ठोके वाढतात. तेव्हा उपचार मूळ कारणावर करावयाचे असतात. हृदयातील विद्युत्संदेशांचा मार्गच बिघडला तर मात्र गती एकाएकी १५० ते २२० पर्यंत जाऊ शकते.

रुग्णालयात अशा रुग्णाजवळ प्रथम पोहोचते ती बहुधा परिचारिका. मॉनिटरवरील आकड्यापेक्षा रुग्णाची अवस्था अधिक सांगून जाते. रक्तदाब घसरला असेल, छातीत दुखत असेल, धाप लागली असेल किंवा बोलणे असंबद्ध झाले असेल, तर डॉक्टरांना तत्काळ बोलावून विद्युत्झटक्याची तयारी करावी लागते. रुग्ण बेशुद्ध असून नाडीच लागत नसेल, तर क्षणही न दवडता सीपीआर सुरू करून डिफिब्रिलेटर आणला जातो.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये नाडी पूर्णतः अनियमित असते. भारतात संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या तरुण रुग्णांतही हा विकार आढळतो. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे हमखास फसवते. एका परिचारिकेने स्टेथोस्कोपने हृदयाचे, तर दुसरीने त्याच वेळी मनगटावरील ठोके पूर्ण मिनिटभर मोजावेत. दुर्बळ ठोके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, हे त्या फरकातून उघड होते.

सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचा रुग्ण स्थिर असेल, तर प्रथम साधा उपाय केला जातो. अर्धवट बसलेल्या रुग्णाला सिरिंजमध्ये १५ सेकंद जोराने फुंकायला सांगून लगेच आडवे करतात व पाय उचलून धरतात. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय पूर्ववत झाली. पाय न उचलता केलेल्या जुन्या पद्धतीने १७ टक्क्यांची.

तेवढ्याने न भागल्यास डॉक्टरांच्या आदेशाने अ‍ॅडेनोसिन देतात. त्याचा प्रभाव काही सेकंदच टिकतो. म्हणून ते कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून झपाट्याने देऊन पाठोपाठ सलाईन सोडावे लागते. दम्याचा इतिहास आधी विचारणे अत्यावश्यक. औषध जाताच छाती आवळते, चेहरा तापतो, आता सारे संपले असे वाटते. हे काही सेकंदांत ओसरेल, अशी पूर्वकल्पना न देणे ही शुश्रूषेतील गंभीर उणीव होय. या काळात ईसीजीची नोंद सुरूच ठेवतात. लय मूळ कोठून बिघडली, याचा उलगडा अनेकदा त्याच पट्टीवरून होतो.