हाकेकरी आणि संगणक

रामटेकच्या तहसील कचेरीबाहेर मी शेतकऱ्यांना विचारत होतो, ‘तुम्ही संगणक वापरता का?’ उत्तर एकच, ‘नाही जी.’ हातात मात्र संगणकातून निघालेला सातबारा. चूक माझ्या प्रश्नात होती.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लिओन्तिएव यांनी कृतिसिद्धांत मांडताना शिकारीचा दाखला दिला. हाकेकरी सावज स्वतःपासून दूर पळवतो. त्याला एकट्याला पाहिले तर ते वेडेपण वाटते. सगळी टोळी पाहिली की अर्थ लागतो. फिनलंडच्या एंगेस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये या मांडणीला नियम, समुदाय आणि श्रमविभागणी यांची जोड दिली. पुढे संगणकाच्या वापराच्या अभ्यासकांनीही ती उचलली.

महाराष्ट्रात तिची साक्ष वारणा खोऱ्यात मिळते. तेथे १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना निघाली. अपेक्षा शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण यांची होती. केंद्रे चालली ती मुख्यतः साखर कारखान्याच्या ऊसनोंदींवर. नंतर ७ गावांत ८ महिने तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक आवडले. साधन बदलले, हेतू ऊसच राहिला.

आता मी विचारतो, ‘सातबारा कशासाठी काढला?’ मग पीककर्ज, भावांची वाटणी, तलाठी, केंद्रावरचा मुलगा असे सगळे बोलण्यात येतात. कळ दाबतो तो मुलगा, काम असते शेतकऱ्याचे. माझ्या वहीतली ‘संगणक वापरत नाही’ ही नोंद मी खोडली आहे.